विश्लेषण : जगातील सर्वांत वेगवान सायकलपटू बेवारस का दफन झाला? कोण होता ‘मेजर’ टेलर?

सव्वाशे वर्षांपूर्वी सायकलच्या ट्रॅकवरील सर्वांत वेगवान माणूस अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याचा वेग नाकारणे कोणाला शक्य नव्हते, कारण घड्याळ रंग पाहत नाही. त्यामुळे त्याला अडवण्याचे मार्ग शर्यतीच्या रचनेत, संघटनांच्या नियमावलीत आणि स्पर्धेच्या वेळापत्रकात शोधले गेले. हे मार्ग कोणते होते आणि टेलरने त्यांवर कशी मात केली, याविषयी…

मेजर टेलरचे नाव आजही महत्त्वाचे का?

मार्शल वॉल्टर टेलर, म्हणजेच ‘मेजर’ टेलर, याने १० ऑगस्ट १८९९ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे एक मैल स्प्रिंट प्रकारातील व्यावसायिक गटाचे जागतिक विजेतेपद पटकावले. तेव्हा तो २० वर्षांचा होता. कॅनडाचा मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन याच्यानंतर जागतिक विजेता झालेला तो दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. जेसी ओवेन्सने बर्लिन ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली १९३६ मध्ये, जॅकी रॉबिन्सनने अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली १९४७ मध्ये. टेलरचा काळ ओवेन्सच्या ३७ वर्षे आणि रॉबिन्सनच्या तब्बल ४८ वर्षे आधीचा. तरीही ही दोन नावे जगभर माहीत आहेत आणि टेलरचे नाव सायकलिंगच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही.

याचे एक कारण खेळाच्या घसरलेल्या लोकप्रियतेत आहे. १८९०च्या दशकात अमेरिकेत सायकलची अक्षरशः लाट आली होती. दोन सारख्या आकाराची चाके आणि हवेचे टायर असलेली नवी सायकल सामान्यांच्या आवाक्यात येत होती. गावोगावी लाकडी किंवा सिमेंटचे लंबवर्तुळाकार ट्रॅक उभे राहिले. शर्यतींना होणारी गर्दी बेसबॉलला टक्कर देत असे आणि आघाडीचे स्प्रिंटर त्या काळातील सर्वाधिक कमाई करणाऱ्या खेळाडूंमध्ये गणले जात. पुढे मोटारगाडी आली, अमेरिकेतील ट्रॅक ओस पडले आणि त्यांवरचे नायकही विस्मृतीत गेले.

‘मेजर’ हे नाव कसे पडले?

टेलर कधीही सैन्यात नव्हता. त्याचे वडील गिल्बर्ट मात्र अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले होते. केंटकीतून येऊन हे कुटुंब इंडियाना राज्यातील इंडियानापोलिसजवळ स्थायिक झाले. तेथे २६ नोव्हेंबर १८७८ रोजी मार्शलचा जन्म झाला. तो आठ भावंडांपैकी एक. गिल्बर्ट हे साउथर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे बग्गी हाकत. साउथर्डांचा मुलगा डॅनियल मार्शलच्याच वयाचा. दोघांची गट्टी जमली आणि मार्शल त्या घरात सवंगडी म्हणून राहू लागला. कपडे, खेळणी, शिकवणी सगळे डॅनियलसारखेच. पहिली सायकलही त्याला याच घरात मिळाली.

याच वयात त्याला दुसरी बाजूही दिसली. डॅनियल आणि त्याचे मित्र वायएमसीएच्या व्यायामशाळेत जात, तेव्हा मार्शलला दारातच अडवले जाई. साउथर्ड दाम्पत्याने शब्द टाकूनही उपयोग झाला नाही. गॅलरीत बसून इतरांचे खेळ पाहणे एवढेच त्याच्या हाती होते. हा प्रसंग पुढे त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे. काही वर्षांनी साउथर्ड शिकागोला गेले. आईने मार्शलला पाठवण्यास नकार दिला आणि तो बंगल्यातून पुन्हा शेतावरच्या घरी आला.

सायकल मात्र सोबत राहिली. तिच्यावर तो वर्तमानपत्रे टाकू लागला आणि मोकळ्या वेळेत कसरती शिकला. एकदा ‘हे अँड विलिट्स’ या सायकलच्या दुकानात दुरुस्तीसाठी गेला असता निघताना त्याने सहज एक कसरत करून दाखवली. मालकांनी त्याला आठवड्याला सहा डॉलरवर कामाला ठेवले. सकाळी झाडलोट आणि दुपारी दुकानासमोर कसरती. गर्दी खेचण्यासाठी त्याला लष्करी धाटणीचा गणवेश दिला गेला. लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले आणि ते नाव कायमचे चिकटले. दुकानदाराने एका दहा मैलांच्या शर्यतीत त्याला गंमत म्हणून सुरुवातीच्या रेषेवर उभे केले. त्याने ती शर्यत जिंकली.

सदस्यत्वाला बंदी, पण शर्यतीला परवानगी?

टेलरच्या कारकीर्दीतील हा सर्वांत चमत्कारिक पेच. त्या वेळी अमेरिकेतील सायकलिंगवर ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संघटनेचा ताबा होता. चांगल्या रस्त्यांसाठी आंदोलन करणारी, एक लाखाहून अधिक सदस्यसंख्येपर्यंत पोहोचलेली ही बलाढ्य संघटना होती. १८९४ मध्ये लुईव्हिल येथील अधिवेशनात दक्षिणेकडील प्रतिनिधींच्या आग्रहावरून तिने सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते मर्यादित केले. मात्र ही बंदी सदस्यत्वापुरती होती. शर्यतीत उतरण्याचा परवाना ही वेगळी बाब होती आणि तेथे रंगाची अट स्पष्टपणे लिहिलेली नव्हती. त्यामुळे जी संघटना टेलरला आपला सभासद मानायला तयार नव्हती, तिच्याच परवान्यावर तो धावू शकत होता. त्याची संपूर्ण व्यावसायिक कारकीर्द नियमातील या फटीतून सुरू झाली.

इंडियानापोलिसमध्ये मात्र ही फटही बुजली. तेथील कॅपिटल सिटी ट्रॅकवर त्याने अनधिकृत प्रयत्नात तेथील विक्रमापेक्षा सरस वेळ दिली. शाबासकीऐवजी त्याला त्या ट्रॅकवर येण्यास बंदी मिळाली. माजी शर्यतपटू आणि सायकल उत्पादक लुई मंगर याने त्याची गुणवत्ता आधीच हेरली होती. १८९५ मध्ये मंगर आपला कारखाना घेऊन मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे गेला, तेव्हा टेलरही त्याच्यासोबत गेला. वुस्टरच्या वायएमसीएने त्याला पहिल्याच भेटीत आत घेतले. हे शहर त्याला आयुष्यभर आपले वाटले यात नवल नाही.

डिसेंबर १८९६ मध्ये, १८ वर्षांचा असताना, त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्यावसायिक पदार्पण केले. प्रथम अर्ध्या मैलाच्या शर्यतीत त्याने एडी बाल्ड या आघाडीच्या स्प्रिंटरला हरवले. त्यानंतर तो उतरला सहा दिवसांच्या शर्यतीत. सहा दिवस, जवळपास न झोपता, जो जास्तीत जास्त अंतर कापेल तो विजेता, असा हा अमानुष प्रकार. स्प्रिंटरसाठी तर शिक्षाच. तरीही टेलरने १,७३२ मैल, म्हणजे सुमारे २,८०० किलोमीटर अंतर कापत आठवे स्थान मिळवले. अखेरच्या टप्प्यात त्याला भास होऊ लागल्याचे तेव्हाच्या वृत्तांतात म्हटले आहे. कोणीतरी चाकू घेऊन मागे लागल्याचे त्याला दिसत होते. त्याने हा प्रकार पुन्हा फारसा हाताळला नाही. (अशा शर्यतींवर पुढे न्यूयॉर्कमध्ये कायद्याने वेळेची मर्यादा आली. त्यावर तोडगा म्हणून आयोजकांनी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. ऑलिम्पिकमधील ‘मॅडिसन’ प्रकाराचा उगम हा असा.)

शर्यतीतच कोंडी कशी केली जायची?

ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो. गिअर एकच आणि पेडल मागच्या चाकाशी थेट जोडलेले, त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पाय फिरणारच. पुढचा सायकलपटू हवा कापतो आणि त्याच्या मागे चिकटून राहणाऱ्याला बरेच कमी बळ लावावे लागते. म्हणूनच स्प्रिंटमध्ये कोणालाही फार आधी पुढे जायचे नसते. अखेरच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, मागून झेप घेऊन जिंकणे हे या खेळाचे मर्म.

आता समजा, रेषेवर सहा जण आहेत आणि त्यांपैकी पाच जणांचे आधीच ठरले आहे, की सहावा जिंकता कामा नये. एक जण टेलरच्या पुढे राहून वेग मंद ठेवतो. दुसरा त्याच्या उजव्या बाजूला चिकटून चालतो. डावीकडे ट्रॅकची आतली कड असते. तिसरा मागचे चाक दाबून धरतो. अशा खोबणीत अडकलेला सायकलपटू कितीही वेगवान असला तरी त्याला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. शेवटच्या वळणावर चौथा मोकळ्या बाहेरच्या बाजूने निघून जातो. बक्षिसाची रक्कम नंतर वाटून घेतली जाते. यात प्रत्येक हालचाल वरकरणी नियमात बसणारी. कोपर लागणे, चाकाला चाक घासणे हे तर ‘खेळाचा भाग’ म्हणून सोडून दिले जाई. टेलरविरुद्ध असे संगनमत वारंवार झाले. फ्लॉइड मॅकफार्लंडसारखे काही गोरे शर्यतपटू तर यासाठी कुप्रसिद्ध होते.

टेलरने यावर दोन उपाय काढले. एक म्हणजे शास्त्राच्या उलट जाऊन लवकर आघाडी घेणे. पुढे असलेल्याला कोंडता येत नाही. मात्र त्यासाठी हवा स्वतः कापावी लागते आणि तो वेग शेवटपर्यंत टिकवावा लागतो. इतरांनी हे केले असते तर ती चूक ठरली असती. टेलरसाठी ती सुरक्षितता होती. दुसरा उपाय म्हणजे लहानपणीच्या कसरती. दोन सायकलींमधली फट क्षणभर उघडली तरी तो त्यातून निसटे. सायकलवर इतका ताबा त्याच्या समकालीनांपैकी फार थोड्यांकडे होता. पाठ जवळपास सपाट ठेवून, हात पुढे ताणून बसण्याची त्याची ढबही वेगळी होती. त्यासाठी तो हँडल पुढे सरकवता येईल असा लांब जोड वापरत असे. हा जोड पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला.

१८९८ अखेर वेगवेगळ्या अंतरांचे सात विश्वविक्रम त्याच्या नावावर होते. नोव्हेंबर १८९९ मध्ये शिकागोत त्याने वाफेवर चालणाऱ्या यंत्राच्या मागे राहून एक मैल अंतर १ मिनिट १९ सेकंदांत कापले. हा वेग ताशी ७३ किलोमीटरहून अधिक भरतो. अशा विक्रमी प्रयत्नांत ट्रॅकवर दुसरा स्पर्धक नसतो, फक्त घड्याळ असते. विक्रमांच्या मागे तो इतका का लागला, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

हल्ला, धमक्या आणि नाकारलेल्या खोल्या…

कोंडी करूनही भागले नाही तेव्हा प्रकरण हातघाईवर आले. सप्टेंबर १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टाँटन येथे एक मैलाच्या शर्यतीत टेलर दुसरा आला. तिसऱ्या आलेल्या बेकर नावाच्या सायकलपटूने त्याला सायकलवरून खाली खेचून त्याचा गळा आवळला. टेलर बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर यायला बराच वेळ लागला. बेकरला ५० डॉलर दंड झाला आणि तो पुन्हा शर्यतीत उतरू लागला. हे दक्षिणेत नव्हे, तर पुढारलेल्या म्हणवणाऱ्या उत्तरेत घडले, हे लक्षात घेण्यासारखे.

दक्षिणेतील बहुतेक ट्रॅक त्याला बंदच होते. १८९८ मध्ये तो सरावासाठी जॉर्जियातील सव्हाना येथे गेला, तेव्हा ४८ तासांत शहर सोडण्याची निनावी धमकी मिळाली. त्याने शहर सोडले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिसुरी राज्यातील केप जिरार्डो येथे जे घडले, त्यात कोणीही त्याला हात लावला नाही. पण नुकसान अधिक झाले. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी गुणांची चुरस अखेरच्या टप्प्यात होती. टेलर दावेदारांपैकी एक होता. आयोजकाने त्याच्या राहण्याची सोय हॉटेलात करण्याचा शब्द दिला होता. तो पोहोचल्यावर मात्र त्याला तेथे राहता येणार नाही, गावातील कृष्णवर्णीय कुटुंबाकडे उतरावे, असे सांगण्यात आले. टेलर पुढच्या गाडीने परतला. शर्यत सोडल्याबद्दल व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेने त्यालाच दोषी धरले.

रविवारी न धावण्याचा हट्ट का?

आई गेल्यानंतर, १८९८ मध्ये, टेलरने वुस्टरमधील जॉन स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. रविवारी शर्यतीत उतरायचे नाही, असा त्याचा नियम होता. त्याची किंमत मोठी होती. सर्वाधिक प्रेक्षक रविवारीच येत. पावसामुळे शनिवारची शर्यत रविवारी ढकलली गेली, तर टेलरचे गुण बुडत. त्याच सुमारास बहुतेक व्यावसायिक सायकलपटू लीगपासून फुटून ‘नॅशनल सायकलिंग असोसिएशन’ या नव्या संघटनेत गेले होते आणि ही संघटना रविवारच्या शर्यतींना अनुकूल होती. टेलर सुरुवातीला त्यांच्यासोबत गेला, नंतर लीगकडे परतला. म्हणजे ज्या संघटनेने त्याच्यासारख्यांना सदस्यत्व नाकारले होते, तिच्याच छत्राखाली तो पुन्हा उभा राहिला. दुसरा पर्याय त्याहून वाईट होता.

म्हणूनच १८९९च्या मॉन्ट्रियलमधील विजेतेपदाला विरोधकांनी लगेच फाटे फोडले. नव्या संघटनेला आंतरराष्ट्रीय मान्यता नव्हती, त्यामुळे तिचे नामवंत सायकलपटू तेथे नव्हते. ‘खरे प्रतिस्पर्धी नसताना जिंकला’ हा आक्षेप पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. मात्र टेलरने त्याला पुढच्याच वर्षी उत्तर दिले. १९०० मध्ये लीगने शर्यतींचा कारभार सोडला. नव्या संघटनेने बरीच टाळाटाळ करून, दंड आकारून टेलरला परवाना दिला. त्या मोसमात, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आणि त्याच कोंडीतून, तो अमेरिकेचा स्प्रिंट विजेता ठरला.

पॅरिसमध्ये वेगळे काय घडले?

युरोपातील आयोजक त्याला बऱ्याच दिवसांपासून बोलावत होते. अडचण एकच होती, ती म्हणजे रविवार. मोठ्या रकमेचे प्रस्तावही त्याने त्यासाठी नाकारले. अखेर फ्रेंच आयोजकांनी माघार घेतली आणि रविवार वगळून करार केला. मार्च १९०१ मध्ये टेलर फ्रान्सला पोहोचला.

सर्वांना प्रतीक्षा होती एका लढतीची. १८९९चा जगज्जेता टेलर विरुद्ध १९००चा जगज्जेता, फ्रान्सचा लाडका एडमंड जॅकलिन. स्थळ पॅरिसचे पार्क दे प्रिन्स. रविवार नको, पण स्टेडियम तर भरले पाहिजे. यावर आयोजकांनी काढलेला तोडगा पंचांगाच्या आधारेच सापडतो. पहिली लढत १६ मे रोजी झाली. तो गुरुवार होता, पण असेन्शन या ख्रिस्ती सणाचा. परतीची लढत २७ मे रोजी, पेंटेकॉस्टनंतरच्या सोमवारी झाली. दोन्ही दिवस सणाचे आणि दोन्ही वेळा अलोट गर्दी.

पहिल्या लढतीत कडाक्याची थंडी होती. टेलरला थंडी कधीच मानवत नसे. जॅकलिनने त्याला सरळ दोन फेऱ्यांत हरवले आणि नाकाला अंगठा लावून वेडावून दाखवले. अकरा दिवसांनी ऊन पडले होते. टेलरने दोन्ही फेऱ्या जिंकल्या. त्या दौऱ्यात त्याने डेन्मार्कचा थोरवाल्ड एलेगार्ड, जर्मनीचा विली आरेंड अशा अनेक देशांच्या विजेत्यांना नमवले. यातील एलेगार्ड त्याच वर्षी जगज्जेता झाला आणि पुढे एकूण सहा वेळा त्याने हा किताब मिळवला. ५७ शर्यतींत ४२ विजय, अशी टेलरची त्या दौऱ्यातील कामगिरी सांगितली जाते.

या यशाचे श्रेय केवळ ‘फ्रान्समध्ये वर्णद्वेष नव्हता’ असे म्हणून संपवणे सोपे आहे. ते खरेही नाही. तेथील वर्तमानपत्रे त्याचे कौतुक करतानाही त्याच्या रंगाचे आणि शरीराचे असे वर्णन करत, जसे एखाद्या नवलाच्या वस्तूचे करावे. महत्त्वाचा फरक होता शर्यतीच्या रचनेत. युरोपात मोठ्या लढती प्रामुख्याने एकास एक होत. ट्रॅकवर दोघेच असतील तर संगनमत कोणाशी करणार? अमेरिकेत पाच-सहा जणांच्या गर्दीत जे दडवता येत होते, ते पॅरिसमध्ये दडवायला जागाच नव्हती. आज ऑलिम्पिक स्प्रिंटच्या निर्णायक फेऱ्या दोघांमध्येच होतात, हे पाहता टेलरला त्याच्या देशात नेमके काय नाकारले गेले, ते कळते.

ऑस्ट्रेलियातही पाठलाग सुटला नाही?

मार्च १९०२ मध्ये टेलरने डेझी मॉरिस हिच्याशी विवाह केला. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत दोघे ऑस्ट्रेलियाला गेले. गोऱ्याखेरीज इतरांना देशात स्थायिक होऊ न देण्याचा कायदा ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्येच केला होता. त्याच देशात टेलरचे जंगी स्वागत झाले. मोठमोठी बक्षिसे मिळाली. ११ मे १९०४ रोजी सिडनीत जन्मलेल्या मुलीचे नावच त्यांनी रिटा सिडनी ठेवले. घरात ती सिडनीच होती.

मात्र दुसऱ्या दौऱ्यात मॅकफार्लंड आणि आयव्हर लॉसन हे अमेरिकी सायकलपटूही तेथे दाखल झाले आणि मायदेशातील जुने प्रकार सुरू झाले. मेलबर्नमधील एका शर्यतीत लॉसनमुळे टेलर जोरात आपटला आणि जखमी झाला. येथे एक गोष्ट वेगळी घडली. ऑस्ट्रेलियातील अधिकाऱ्यांनी चौकशी करून लॉसनला निलंबित केले. टेलरच्या बाबतीत अशी कारवाई अमेरिकेत क्वचितच झाली होती.

तान्ह्या मुलीला घेऊन हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तेव्हा हॉटेलांनी जागा नाकारली आणि उपाहारगृहांनी जेवण. टेलर मनाने आणि शरीराने खचला. १९०४चा युरोप दौरा त्याने रद्द केला. त्यावरून खटला आणि निलंबन ओढवले. जवळपास तीन वर्षे तो ट्रॅकपासून दूर राहिला. १९०७ मध्ये तो फ्रान्समध्ये परतला आणि काही शर्यती जिंकलाही, पण पूर्वीची झेप उरली नव्हती. १९०९ मध्ये त्याने रविवारी धावण्यासही होकार दिला. इतकी वर्षे जपलेला नियम त्याने नेमका कशासाठी मोडला, हे खात्रीने सांगता येत नाही, पण बहुधा कारण आर्थिक असावे. पत्नी आणि लहान मुलीचा संसार चालवायचा होता आणि कमाईची वर्षे संपत आली होती. १९१० मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी तो निवृत्त झाला.

कमावलेला पैसा गेला कुठे?

वुस्टरच्या गोऱ्या वस्तीत टेलरने १९०० मध्येच मोठे घर घेतले होते. शेजाऱ्यांनी जादा पैसे देऊन ते परत विकत घेण्याची तयारी दाखवली होती, पण तो हटला नाही. निवृत्तीनंतर त्याला अभियांत्रिकी शिकायची होती. वुस्टरमधील तंत्रशिक्षण संस्थेने शालेय प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. मग त्याने स्वतःच्या कल्पनेनुसार मोटारगाडीचे चाक व टायर विकसित करण्यात पैसा घातला. तो बुडाला. इतर गुंतवणुकीही फसल्या. ज्या मोटारगाडीने त्याचा खेळ संपवला, तिच्याच धंद्यात त्याची पुंजी गेली. घर विकावे लागले, आजारपणे सुरू झाली.

१९२८ मध्ये त्याने आत्मचरित्र स्वखर्चाने प्रसिद्ध केले. त्याच्या पुढच्याच वर्षी महामंदी आली. पत्नीपासून विभक्त झालेला टेलर १९३०च्या सुमारास शिकागोला गेला. तेथे वायएमसीएच्या खोलीत राहून तो आपल्या पुस्तकाच्या प्रती दारोदार विकत असे. लहानपणी ज्या संस्थेच्या दारातून त्याला परत पाठवले होते, तिच्याच छपराखाली त्याचे अखेरचे दिवस गेले. फरक इतकाच, की शिकागोतील ही शाखा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली होती.

२१ जून १९३२ रोजी शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील धर्मादाय विभागात त्याचा मृत्यू झाला. वय ५३. मृतदेह घ्यायला कोणी आले नाही. पत्नी आणि मुलीला तेव्हा त्याच्या मृत्यूची खबरही नव्हती. माउंट ग्लेनवूड दफनभूमीत गोरगरिबांसाठी राखलेल्या भागात, नावाची पाटीही नसलेल्या थडग्यात त्याला पुरण्यात आले.

त्याची दखल कधी घेतली गेली?

१९४८ मध्ये जुन्या व्यावसायिक सायकलपटूंच्या एका गटाने पुढाकार घेतला. श्विन या सायकल कंपनीचे मालक फ्रँक श्विन यांनी खर्च उचलला. टेलरचे अवशेष त्याच दफनभूमीतील अधिक चांगल्या जागी हलवून तेथे कांस्यफलक लावण्यात आला. १९८२ मध्ये इंडियानापोलिसमधील नव्या वेलोड्रोमला त्याचे नाव दिले गेले. एके काळी याच शहरातील ट्रॅकवर त्याला बंदी होती. दोन वर्षांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये नेल्सन व्हेल्सने स्प्रिंटचे रौप्यपदक पटकावले. ऑलिम्पिक सायकलिंगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूने मिळवलेले ते पहिले पदक. टेलरच्या जागतिक विजेतेपदानंतर त्यासाठी ८५ वर्षे जावी लागली.

वुस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयासमोर मे २००८ मध्ये टेलरचे स्मारक उभे राहिले. ते पाहायला सिडनी मात्र नव्हत्या. वडिलांच्या कात्रणवह्या त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या. २००५ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ची आजची वारसदार संघटना ‘लीग ऑफ अमेरिकन बायसिक्लिस्ट्स’ या नावाने काम करते. १८९४ मधील वर्णबंदीचा ठराव व्यवहारात केव्हाच मागे पडला होता, पण कागदावर तो तसाच होता. संघटनेने तो औपचारिकपणे रद्द केला १९९९ मध्ये. मॉन्ट्रियलच्या त्या शर्यतीला तेव्हा शंभर वर्षे होत होती.